सानातेच्या मुखवट्याखाली

सानाते हा पक्षी आमच्याकडे चौकाचौकात दिसतो. काळाभोर, चकाकणारा, शेपटीचा तोरा मिरवत चालणारा आणि तुमच्या हातातल्या पावाचा तुकडा तुमच्यादेखत पळवणारा. पण आमच्या आस्कापोत्साल्कोच्या कुठल्याही पोराला सानाते म्हणा, त्याच्या डोळ्यांपुढे पक्षी येणार नाही. येईल तो वितीएवढा प्लास्टिकचा कुस्तीगीर, काळ्या-निळ्या कपड्यातला, चोचीच्या मुखवट्याचा आणि पाठीवर लांब झगा सोडलेला. या शहरात असं घर सापडणं कठीण, जिथे सोफा सरकवला आणि खाली त्याचा निदान एक हात मिळाला नाही.

हा सानाते पालोमार खेळणी कारखान्यात जन्माला आला आणि दर काही वर्षांनी नव्याने जन्माला येत राहिला. कारखान्यात डिझाइनचा साहेब बदलला की सानाते बदलायचा, हा तिथला नियमच. येणारा प्रत्येक साहेब पहिल्या दिवशी सगळ्यांना जमवून एकच भाषण करी: जुनं ते छानच, पण आता काळ बदललाय. वरच्या मजल्यावर खिडकीपाशी मेण कोरत बसणारी ओर्तेन्सिया सेपेदा, म्हणजे सगळ्यांची तेंचाबाई, हे भाषण मान डोलावत ऐके. डोळे मात्र साहेबाच्या शब्दांकडे नसत, साहेबाकडे असत. तो उभा कसा राहतो, बोलताना हनुवटी कुठे जाते, हातांचं काय करतो, हे सगळं ती मनात टिपून ठेवी.

कारण तेंचाबाईची एक युक्ती होती. नव्या सानातेचा पहिला मेणाचा नमुना तीच कोरायची, आणि तो कोरताना त्यात ती हळूच साहेबाला बसवायची. चेहऱ्यावर मुखवटा, त्यामुळे कुणाच्या लक्षात यायचा प्रश्नच नव्हता. उभं राहणं, खांदे, पोट, एवढं पुरे. साहेब तो नमुना हातात घेऊन फिरवून फिरवून बघे आणि म्हणे, "हं. आता कसं जमलं. काय ते सांगता येत नाही, पण जमलं." काय ते तेंचाबाईला सांगता आलं असतं. पण ती खाली जाऊन शांतपणे कॉफी पिऊन येई.

तिच्या वेळचे पहिले फर्मीनसाहेब. मालकाचे मेहुणे, गोल गरगरीत, जेवणानंतर पोटावरून असा हात फिरवणारे की जणू ते पोट त्यांनी स्वतः पाळलंय. त्यांच्या आधीचा सानाते कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखा सरळसोट होता. तेंचाबाई तेव्हा कोवळी पोरगी. तिने सानातेला पोट दिलं. लोक म्हणाले, सानातेचं वाटोळं केलं. आणि मग तो असा खपला की विचारता सोय नाही, कारण पोरांना तो गल्लीतल्या काकासारखा वाटला आणि बापांना स्वतःसारखा.

मग आले इंजिनिअर बासान्येससाहेब. उंच, कोरडे, पट्टी गिळल्यासारखे ताठ. त्यांचे हातरुमालसुद्धा इस्त्रीचे असत. सानातेचं पोट गेलं आणि अंगभर सांधे आले. मान वळे, मनगट वळे, गुडघा वळे, आणि वळता वळता गुडघा हातात येई. पुन्हा लोक म्हणाले, वाटोळं झालं. पोरांनी गुडघ्याला रबर बांधून लंगड्या सानातेच्या कुस्त्या लावल्या आणि त्या एका पायावर तोच जिंकायचा, हे त्यांनी आपसात ठरवून टाकलं.

त्यांच्यानंतरच्या रेबेकामॅडम जाहिरातीच्या धंद्यातून आलेल्या. एक हात कमरेवर, एक खांदा वर, आणि बोलणं असं की समोरच्याने नको असलेली वस्तूही घेऊन जावी. सानातेचा हात कमरेवर गेला. झगा चमचमायला लागला. त्याला मोटरसायकल मिळाली, पोहायचा तलाव असलेलं घर मिळालं आणि एक बहीणही मिळाली, तीही कुस्तीगीर. जुने रसिक नाकं मुरडत दुकानात गेले आणि मुलींसाठी बहीण घेऊन बाहेर आले. गंमत अशी की ज्यांनी ज्यांनी ज्या सानातेचं वाटोळं झालं म्हणून गळा काढला होता, तीच माणसं पुढे रविवारच्या जुन्या बाजारात तोच वाटोळं झालेला सानाते शोधत फिरताना दिसत. आपल्या लहानपणी जो हाताला लागला तो खरा, बाकी सगळे तोतये, असा हा हिशेब आहे. तेंचाबाईचं या सगळ्यांशी छान पटलं. भांडणारे दुसरे होते. ते एकेक करून गेले आणि ही राहिली.

रेबेकामॅडम दुसऱ्या मोठ्या नोकरीवर गेल्या आणि त्यांच्या खुर्चीत इन्यीगो लारान्यागा येऊन बसला. वय कोवळं, जन्म इथलाच, पण लहानपणीच आईबरोबर बार्सेलोनाला गेलेला आणि तिथे वाढून, शिकून परत आलेला. सायकलवरून यायचा. झाडूवाल्यापासून सगळ्यांना आधी नमस्कार करायचा. आणि तामाल, म्हणजे हाताने खायची मक्याच्या पिठाची वाफवलेली वडी, काट्या-चमच्याने खायचा. खानावळीतल्या बायकांनी त्याचं बाकी सगळं पदरात घेतलं, हे मात्र नाही.

त्याने भाषण केलंच नाही. सगळे जमल्यावर तो एवढंच म्हणाला की तीन राजांच्या दिवशी, म्हणजे जानेवारीतल्या खेळण्यांच्या सणाला, मुलांच्या हातात जो नवा सानाते पडेल, त्याचा मुखवटा निघाला पाहिजे. लहान मुलांना काढता-घालता येईल अशी गोष्ट फार आवडते. मुखवटा मऊ रबराचा, आणि खाली चेहरा.

पॅकिंगच्या एका बाईने नकळत छातीवर क्रूस काढला. आमच्याकडे कुस्तीगिराचा मुखवटा ही काही टोपी नव्हे, की उकडलं म्हणून काढून ठेवली. तो मुखवटा घालूनच बाजारात जातो, पोरांच्या शाळेत जातो, मेला तर मुखवट्यासकट पुरला जातो. आखाड्यात पैज हरला तरच तो उतरतो, आणि एकदा उतरला की आयुष्यात परत चढत नाही. दुसऱ्याने मध्येच ओढून काढला तर कुस्तीगीर लढायचं सोडून दोन्ही हातांनी तोंड झाकतो आणि त्याचा माणूस धावत येऊन त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकतो. हे इथे कुणी कुणाला शिकवत नाही.

इन्यीगोला हे माहीत नव्हतं असं नाही. ऐकून माहीत होतं, एवढंच.

तेंचाबाई मान डोलावून खाली उतरली ती थेट फाटकावर गेली. तिथला पहारेकरी एवोदिओ तिच्या मुलीचा धर्मपिता, म्हणजे नात्याने तो तिचा कोम्पाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे. हा तरुणपणी 'ताकूबाचा विंचू' या नावाने मुखवटा घालून कुस्त्या खेळलेला आणि पाचूकाच्या आखाड्यात पैजेवर मुखवटा हरलेला. ती गोष्ट तो कधी काढत नसे. त्या दिवशी तेंचाबाईने सानातेला चेहरा करायचा आहे असं सांगितलं, आणि त्याने हातातला पावात घातलेला तामाल कागदात परत गुंडाळला.

"कोमाद्रे, त्या दिवशी मला एक ओरखडा नव्हता आला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर बायको म्हणाली, एवोदिओ, जा जरा दूध आण. तोवर घरातसुद्धा ती मला विंचू म्हणायची." त्याने तामाल खिशात ठेवला. "तू त्याला दूध आणायला लावू नकोस."

"मी काय करू? साहेबाने सांगितलंय."

"मुखवटा उतरव म्हणताना पंचाने पण मला हेच सांगितलं होतं, की साहेबाने सांगितलंय."

तेंचाबाई वर आली आणि मेणाचा गोळा पुढे घेऊन बसली. हात चालेनात. तिला स्वतःचंच नवल वाटलं. पोट दे म्हटलं, दिलं. काढ म्हटलं, काढलं. मग आताच घोडं कुठे अडलं? खरं तर तिला ठाऊक होतं. सगळ्या साहेबांनी सानातेच्या अंगावर आपापली बिऱ्हाडं थाटली होती, आणि ती तिनेच थाटून दिली होती. पण त्या कापडाच्या आतला सानाते कुणाचा नव्हता. तेवढी एक जागा तिने कधी कुणाला भाड्याने दिली नव्हती, आणि आता तीही तिच्याच हाताने द्यायची होती. एकदा का चेहरा आला, की सानाते म्हणजे घट्ट विजारीतला कुणीतरी अमुक तमुक. तिला तो चेहरा नको होता. पण हे म्हणायची सवयच नव्हती, आणि नसलेली सवय या वयात कुठून आणायची?

तेव्हा तिने आपली युक्तीच वापरली. चेहरा इन्यीगोचा केला. बसलेली गालफडं, उंच कपाळ, किंचित वर उचललेली एक भुवई. नमुना टेबलावर ठेवला आणि ती 'हं, जमलं' ऐकायला उभी राहिली.

इन्यीगोने नमुना फिरवला. मग तो कानापर्यंत लाल झाला आणि हसला. "तेंचाबाई, हा मी आहे."

असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तो नमुना तसाच हातात धरून बाहेर गेला. बाहेर लांबच लांब कपाटात जुने सानाते रांगेने उभे होते आणि समोरच्या भिंतीवर जुन्या साहेबांचे फोटो होते. तो बराच वेळ इकडून तिकडे बघत राहिला. परत आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. पोट, ताठ पाठ, कमरेवरचा हात. एकेक नाव घेत त्याने बोटांवर मोजून दाखवलं. इतक्या वर्षांची नोकरी आता या पोराच्या हातात आली असं तेंचाबाईला वाटलं.

पण तो चिडला नाही, आणि पुढे त्याने ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. तो फक्त म्हणाला की मला त्या कपाटात उभं राहायचं नाही, कुणासारखाही नसलेला चेहरा करा.

कुणासारखाही नसलेला चेहरा करणं म्हणजे काय, हे करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. तेंचाबाईने नाक मध्यम केलं, डोळे मध्यम केले, ओठांना ना हसू ना राग. खानावळीतली बाई म्हणाली, हा तर आमचा गॅसवाला. हिशेबनीस म्हणाला, माझा मेव्हणा, लग्नात रुसून गेला तो हाच. एवोदिओने तर बघायलाच नकार दिला. तिने नाक बदललं, तर तो बसचा ड्रायव्हर झाला. हनुवटी बदलली, तर पाद्री झाला. शेवटी तिने हात टेकले आणि गॅसवालाच पुढे केला. इन्यीगोला तो बरा वाटला. मुलांना देऊन बघू, तो म्हणाला.

नव्या खेळण्याची परीक्षा कारखान्यात नेहमी कामगारांच्याच मुलांकडून होते. शनिवारी खानावळीतली टेबलं बाजूला सारायची, मुलांना सरबत द्यायचं, खेळणी मध्ये ठेवायची आणि मोठ्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभं राहून बघायचं. त्या शनिवारी खिडकीआड इन्यीगो होता, तेंचाबाई होती आणि नसलेलं काम काढून आलेला निम्मा कारखाना होता.

मुलं सानातेंवर तुटून पडली. आरडाओरडा, झटापट, कुणाचा झगा कुणाच्या हातात. पॅकिंगमधल्या बाईची मुलगी इत्सेल, पुढचे दोन दात पडलेली, तिने आपल्या सानातेला उताणा पाडला आणि चोच धरून ओढली. मुखवटा सुटून तिच्या हातात आला.

इत्सेल जागच्या जागी थिजली. पुढच्या क्षणी तिने दुसरा हात सानातेच्या तोंडावर दाबला. मान वर करून कुणी बघितलं का ते बघितलं. मग उठली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि पाठ वाकवून मुखवटा परत चढवायची खटपट करू लागली. रबर घट्ट होतं, चढेना. शेजारच्या पोराने हे पाहिलं. त्याने काही न विचारता अंगातला स्वेटर काढला आणि तिच्या हातांवर टाकला.

एव्हाना आणखी दोघांतिघांचे मुखवटे निघाले होते. "बघू नका रे कुणी!" एक जण ओरडला आणि सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. पोरांनी टेबलावरचे कागदी रुमाल ओढले. थोड्या वेळाने खानावळीच्या मधोमध सगळे सानाते रुमालाखाली निजले होते आणि मुलं त्यांच्याभोवती उभी राहून पहारा देत होती. खेळत कुणीच नव्हतं. धाकटा एक रडायच्या बेतात होता.

खिडकीआडच्या बायकांपैकी कुणी हसलं नाही. इन्यीगो बाहेर गेला, इत्सेलच्या शेजारी जमिनीवर बसला आणि त्याने विचारलं की चेहरा आवडला नाही का.

"मी बघितलाच नाही," इत्सेल म्हणाली. तिने स्वेटरची कड खाली ओढली. "तुम्हीपण बघू नका."

इन्यीगोने खरंच मान वळवली. तेंचाबाईला तो पोरगा त्या क्षणी फार आवडला आणि स्वतःचा फार राग आला.

इन्यीगो तेंचाबाईच्या मागोमाग वर आला आणि तिच्या समोरच्या स्टुलावर बसला. दोघांच्या मध्ये मेणाचं ते डोकं होतं, गॅसवाल्याचं. इन्यीगो त्याच्याकडे बघत राहिला आणि मग त्याने असं काही विचारलं, जे त्या टेबलाशी आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"तुम्हाला काय वाटतं, तेंचाबाई?"

"तुम्ही म्हणाल तसं, साहेब."

"ते मला माहीत आहे. तुम्हाला काय वाटतं ते विचारतोय."

तिने सवयीने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. उत्तर नेहमी तिथेच सापडायचं, साहेबाच्या डोळ्यांत, ओठांच्या कोपऱ्यात. आज तिथे काही नव्हतं. तोही घाबरलेला होता, त्यालाही माहीत नव्हतं, आणि तो वाट बघत होता. एवढ्या वर्षांत आपल्याला काय हवं ते आपण स्वतःलाही कधी विचारलं नाही, हे तिला आता उमगलं. तिला संताप आला, फर्मीनसाहेबांचा, इंजिनिअरसाहेबांचा, मॅडमचा, या समोरच्याचा, आणि सगळ्यांत जास्त कुणाचा ते सांगायला नको.

तिने दिव्यावर जरा शेकून ते डोकं हातात घेतलं आणि चेहऱ्याच्या मधोमध अंगठा दाबला. नाक गेलं, डोळे गेले, ते ना धड हसणारे ना रागावणारे ओठ गेले. कपाळापासून हनुवटीपर्यंत एक खोलगट जागा उरली.

"मला हा नको होता," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून नको होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत का?"

"नाही," इन्यीगो म्हणाला. "पण मुखवटा निघणार. त्यावर मी ठाम आहे."

"निघू दे की. काढून बघू दे त्यांना. आत कुणी सापडलं तर ना!"

त्याने डोकं घेतलं, वर रबराचा मुखवटा चढवला, काढला, पुन्हा चढवला, पुन्हा काढला. मग स्वतःचा अंगठा त्या खोलगट जागेत ठेवून बघितला. पोरांचाही बसेल, तो पुटपुटला. डोकं खिडकीच्या उजेडाला धरल्यावर त्याला खोलगट जागेत तेंचाबाईच्या अंगठ्याच्या बारीक रेषा उठलेल्या दिसल्या. साच्यावर गेल्या तर त्या प्रत्येक सानातेत उतरणार होत्या, पोराटोरांच्या घरोघरी.

"या रेषा घासून काढाल ना? की राहू देऊ?"

तेंचाबाईने खिडकीबाहेर बघितलं. त्याच्या चेहऱ्याकडे न बघताच तिने सांगितलं, "राहू दे. मला असंच हवंय."